मत वगळून

कुडचड्यात रात्री दहानंतर
सावर्ड्याच्या पुलावरून येणारी गार हवा
आणि पंख्याची कुरकुर, एवढंच.
मी लोहारिणीचं पान उघडतो.

संध्याकाळी कुणीतरी लिहून गेलंय:
“घाणेरडी बाई. हिला घेऊन खेळतात ते भित्रे.”
पुसतो.
त्याखाली दुसऱ्या कुणाचं:
“अख्ख्या खेळात हिच्यासारखी कोणी नाही, काळजात बसते.”
तेही पुसतो. इथे बोट जरा रेंगाळतं.

उरतं ते असं.
उंची पाच फूट दोन इंच. हत्यार: घण.
पहिला फटका सुरू व्हायला बावीस फ्रेम.
चुकला तर ती अठरा फ्रेम उघडी राहते.
उडी जड. धावता येत नाही.

बिचारी नाही, भयंकर नाही.
“दुर्दैवाने” नाही, “अर्थातच” तर मुळीच नाही.
विशेषणं पेडव्याच्या काट्यांसारखी,
ताटात दिसत नाहीत,
घशाला कळतात.

केप्याहून शाबा वेळीप फोनवर म्हणतो,
मतच नको तर लिहायचं कशाला रे?
मी म्हणतो, उद्या जो पोर तिला पहिल्यांदा निवडेल
त्याच्या माथी आपली भांडणं कशाला?
बोललो छान.
फोन ठेवल्यावर मलाच ते पाठ केल्यासारखं वाटलं.

कारण मडगावात, पेट्रोल पंपामागच्या हॉलमध्ये
गेल्या वर्षी फायनलला
माझ्यासमोर मेविन कुलासो होता.
त्याने लोहारीण घेतली. लोक हसले. मीही.
पाच मिनिटांनी कोणी हसत नव्हतं.
मेविनने हात पुढे केला, घामाने ओला.
मी तो धरला,
आणि रोस ऑम्लेट न खाताच बसस्टँड गाठला.

पानावर एक ओळ आहे:
“खाली बसल्यास तिसरा फटका डोक्यावरून जातो.”
ती माझी.
ती मी उभा राहून शिकलो.
हे पानावर नाही.

खाणी थांबल्या तेव्हापासून
बाबांचा टिपर अंगणात उभा होता.
विकायचं ठरलं तेव्हा म्हणाले, तू लिहितोस ना, जाहिरात लिही.
लिही, पोटच्या पोरासारखा सांभाळलाय.
मी लिहिलं:
मॉडेल दोन हजार आठ. दहा चाकं, सहा टायर नवे.
हायड्रॉलिक चालू. डाव्या दाराला पोचा.
बाबांनी वाचलं, चष्मा काढला, बनियनला पुसला,
परत वाचलं.
“सगळें खरें आसा,” म्हणाले,
“पूण हो आमचो दिसना.”

खानापूरचा माणूस येऊन टिपर घेऊन गेला.
फाटकापाशी थांबून
आरशाला बांधलेली अबोलीची वाळकी वेणी त्याने सोडली
आणि खिडकीतून बाबांच्या हातात दिली.
डाव्या दाराच्या पोच्याबद्दल
एका शब्दाने बोलला नाही.

आज लोहारिणीच्या पानावर नवी ओळ आहे, नाव नसलेल्या कुणाची:
“जिंकल्यावर ती घण उचलत नाही, आधी हात पुसते.”
इतकी वर्षं हे माझ्या नजरेला पडलं नव्हतं,
जिंकल्याचं चित्र मी नेहमी बटण दाबून पुढे ढकलतो.
म्हणून खेळ लावला. तिला घेतलं.
हरलो. हरलो. मग एकदा जमलं,
आणि बटणावरून बोट उचलून बसलो.

पुसते. पदराच्या टोकाला, आधी उजवा, मग डावा.
मोजलं: एकतीस फ्रेम.
कुणाला मार बसत नाही, कुणी वाचत नाही
अशा एकतीस फ्रेम.

ओळ ठेवतो.
आकडा जोडतो.
“आधी” हा शब्द मत आहे की नोंद, यावर अडतो.
खोडतो, परत लिहितो,
आणि तेवढ्यात वीज जाते.

पंखा हळूहळू थांबतो.
बदल जतन झाला की नाही
ते सकाळी कळेल.